ऑपरेटरबाईंचं वायफाय

फोन वाजला की लोक हॅलो म्हणतात. आमच्या घरमालकीण "परतूर" म्हणायच्या. नुसतं गावाचं नाव, आणि तेही अशा आवाजात, की आपण चुकून स्टेशनमास्तरला फोन लावला की काय असं पलीकडच्याला वाटावं. गॅसवाला असो, भाचा असो, आधी "परतूर", मग क्षणभर शांतता, मग "बोला". तरुणपणी त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या दिवसांत गावाबाहेर जाणारा आणि गावात येणारा प्रत्येक आवाज त्यांनी बोर्डावर जोडलेल्या दोरीतून जात असे. पुढे एक्सचेंज आपोआप चालायला लागलं, खात्याने बाईंना बिलांच्या टेबलावर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. गावाने मात्र ही बदली मानली नाही. सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत. मी नुसतं बाई म्हणायचे.

मी त्यांच्याकडे अडीच वर्षं भाड्याने राहिले. आता जालन्यात असते, घरात प्रत्येक कोपऱ्यात रेंज आहे, तरी नेट जरा अडखळलं की माझा हात खडू शोधायला लागतो. हा त्यांच्या संगतीचा परिणाम.

बाई ठेंगण्या होत्या. डाव्या कानावरून पदर घेतलेला असे. उजव्या कानाने त्यांना शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू यायची आणि डाव्या कानाने ऐकू येत नाही, असं त्या सोयीनुसार सांगायच्या. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "वेळ मिळाला न्हाई" एवढं एकच उत्तर होतं, आणि ते इतक्या कोरडेपणाने यायचं की पुढचा प्रश्न माणूस गिळून टाकायचा. गावात कोणाची सोयरीक कशावरून मोडली, कोणाचा मुलगा हैदराबादहून परत का आला नाही, हे सगळं त्यांना माहीत असणार. मी खोदून खोदून विचारायचे. त्या म्हणायच्या, "ते मी ऐकलंच न्हाई. फक्त जोडलं." गल्लीतल्या साठीच्या पुढच्या मंडळींना याची तितकीशी खात्री नव्हती, म्हणून ती बाईंशी फार अदबीने वागत.

मी आष्टीची. एका विमा कंपनीच्या मदतीच्या फोनवर बसून लोकांना उत्तरं द्यायची नोकरी मला लागली होती, आणि ती घरून करायची होती. आष्टीच्या आमच्या घरात माणसं पुष्कळ आणि बंद होणारं दार एकही नाही. कंपनीची तर अट होती की खोली बंद पाहिजे, कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसता कामा नये. म्हणून परतूरला खोली घ्यायचं ठरलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परवानगी दिली ती परतूरपुरती. त्यापुढे पुण्याबिण्याला जायचं तर लग्न करून नवऱ्याबरोबर जायचं. हे त्यांनी एकदाच सांगितलं. ते कुठलीही गोष्ट एकदाच सांगत.

खोलीची बोलणी अण्णांनी बाईंच्या धाकट्या भावाशी केली. भाऊ दोन घरं सोडून राहायचा आणि सकाळी पेपर वाचायला बाईंच्या बैठकीत येऊन बसायचा. घर बाईंच्या नावावर, त्यांच्या पगारातून बांधलेलं, आणि त्या समोर उभ्या होत्या. तरी दोघा पुरुषांनी आपसात सगळं ठरवलं, नंबर घेतले-दिले, आणि "पोरीची काही काळजी करू नका" असं भावाने परस्पर सांगून टाकलं. बाई चहाचे कप उचलून आत गेल्या.

घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे बैठक, मग मधली खोली, तिथेच स्वयंपाक, मग माझी. राउटर बैठकीत होता. पहिल्याच आठवड्यात एका आजीबाईंशी बोलताना नेटवरून चालणारा माझा फोन मधेच बंद पडला. मी वैतागून बाहेर आले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कॉल तुटला."

त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत मी त्यांच्या लेखी नुसती भाडेकरू होते.

"घरात तुटला का घराबाहेर?"

"ते कसं कळणार?"

"मंग तुला अजून काहीच कळलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि गॅस बंद करून बैठकीत गेल्या.

राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेच्या आत, मागच्या बाजूला ठेवलेला होता आणि वर लोकरीचा विणलेला रुमाल होता. तो रुमाल बाईंनीच घातला होता, धूळ बसू नये म्हणून. त्यांनी तो काढला, घडी केली आणि स्वतःलाच रागावल्या. "बोलणाऱ्याच्या तोंडावर फडकं टाकलं मी. एवढी नोकरी करून." राउटर शोकेसवर आला, उघड्यावर, उंच. माझ्या खोलीत रेंजची एक काडी होती, ती तरी टिकायला लागली.

नेटवाल्यांचा माणूस आला तेव्हा तो दारातूनच म्हणाला, "मावशी, भिंती जाड हायेत तुमच्या. मागं दुसरं कनेक्शन घ्या."

"तू भिंत मोजली का?"

"दिसतंय की."

"भिंत उलट बोलत न्हाई म्हणून सगळे तिच्यावर ढकलतेत," बाई म्हणाल्या. "हीच तार आत न्यायची असंल तर?"

"दोन-तीन महिने लागतील. लाइन नवीन ओढावी लागंल."

"तोपर्यंत आम्ही काय करायचं?"

त्याने खांदे उडवले. बाईंनी त्याला चहा दिला, पण साखर विचारली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोजणी सुरू केली. दुपारी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, त्या हातात मोबाइल आडवा धरून घरभर हळूहळू फिरायच्या आणि प्रत्येक पावलावर जमिनीवर, भिंतीवर, दाराच्या चौकटीवर खडूने काड्यांचा आकडा लिहायच्या. मोबाइल कमरेइतका धरला तर वेगळा, डोक्याइतका धरला तर वेगळा. घर शाळेच्या फळ्यासारखं दिसायला लागलं. लोकांनी सांगितलेले उपायही त्यांनी सोडले नाहीत. राउटरमागे स्टीलचं ताट लावून पाहिलं, चांदीचा कागद लावून पाहिला, कोणीतरी ॲल्युमिनियमचा डबा अर्धा कापून लावायला सांगितला तोही लावला. प्रत्येक प्रयोगाचा निकाल शोकेसशेजारच्या भिंतीवर लिहिला जायचा. "ताट: फरक न्हाई. कागद: पुढं वाढलं, मागं गेलं. डबा: हात कापला." भाऊ पेपर खाली करून हसायचा. बाई त्याच्याकडे डावा कान करायच्या.

एकदा मी मोबाइलवर वाचून सांगितलं की राउटर वेगवेगळ्या चॅनलवर चालतात आणि आपल्या गल्लीतले सगळे एकाच चॅनलवर दिसतायत. मला अर्धवटच कळलं होतं. त्यांना लगेच कळलं. "म्हंजी सगळे एकाच लाइनवर बोलून राह्यले. मंग काय ऐकू येणार?" त्यांनी चप्पल घातली, मला मागे घेतलं आणि गल्लीत निघाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. निवृत्त गुरुजींना त्यांनी एक नंबरचं चॅनल दिलं. गुरुजींनी वहीत लिहून घेतलं. टेलरमास्तर मात्र मशीनवरून उठेनात.

"बाई, हमारा तो बराबर चल रा."

"तुमचं बराबर चाललंय म्हणूनच आलेय. तुम्हाला अकरा. आम्ही सहावर राहतो."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं, मग घरात एकदा पाहिलं, आणि राउटरमागचा पासवर्ड मला वाचून दाखवला. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी कोणाला कुठे फोन केले होते कोण जाणे. त्या दिवशी माझ्या खोलीत दोन काड्या आल्या. पण दर पाऊण-एक तासाने एखादा कॉल तुटायचा तो तुटायचाच.

आणि मग पुण्याहून कंपनीच्या वरिष्ठ मॅडमचा फोन आला. सोमवारी तुझी लाइन तपासणीवर आहे, दिवसात एकदा जरी तुटली तर घरून काम बंद, पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. त्या गोड बोलल्या, पण मला अर्थ कळला. पुणे म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे आष्टी, आणि आष्टीत दोन स्थळं माझी वाट बघत बसलेली होती. मी बाईंना हे सांगितलं तेव्हा गुरुवार होता. सांगताना रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही. रडून झाल्यावर म्हणाल्या, "चार दिवस हायेत."

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती इतके दिवस आम्हा दोघींनाही दिसत नव्हती. मधल्या खोलीत पत्र्याच्या दोन कोठ्या होत्या, पुरुषभर उंच. एक ज्वारीची, एक गव्हाची. दोन्ही भावाच्या. त्याच्या घरात जागा नाही म्हणून त्याने वर्षाचं धान्य बहिणीकडे आणून ठेवलेलं. आमच्याकडे भरलेली कोठी ही वस्तू नसतेच. तिला हळदकुंकू लागतं, तिच्यावर लग्नपत्रिका ठेवतात, तिच्याआड झाडू उभा करतात. माणूस खाट हलवेल, कपाट हलवेल, कोठीला वळसा घालून जाईल. बाईंनी दाराच्या कड्यांवरसुद्धा खडूने आकडे लिहिले होते, पण कोठ्यांवर एक रेघ नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्या बैठकीतून माझ्या खोलीकडे सरळ चालत गेल्या आणि कोठ्यांपाशी थांबल्या. मोबाइल कोठीच्या अलीकडे धरला. चार काड्या. वळसा घालून पलीकडे गेल्या. एक. परत अलीकडे. चार. त्यांनी कोठीच्या पत्र्यावर टिचकी मारली.

"महिनाभर नुसत्या भिंती मोजून राह्यले मी," त्या म्हणाल्या.

भाऊ पेपर वाचत होता. त्यांनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, रविवारपर्यंत कोठ्या ने.

"भरलेली कोठी हलवत असतेत का आक्का? बरकत जाती."

"बरकत तुझ्याच घरी न्यायला सांगून राह्यले. उकिरड्यावर न्हाई."

"आणि कोणासाठी? भाड्याच्या पोरीसाठी?"

"कोठ्या तुझ्या हायेत, घर माझंय. त्यात पोरगी कुठून आली?"

तो उठून गेला. शनिवारी फिरकला नाही. मी घाबरले होते. मी बाईंना म्हटलं, राहू द्या, माझ्यामुळे भांडण नको, मी काहीतरी करते.

"काय करतीस?"

मी कोठ्यांकडे बघायला लागले.

"बावीस वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "एक दिवस हातगाडीवर घालून आणल्या. विचारलं न्हाई. आणि मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं. माझंबी चुकलंच की."

रविवारी सकाळी त्यांनी पदर खोचला आणि ज्वारीच्या कोठीचं खालचं तोंड उघडलं. ज्वारी अशी काही बाहेर आली की पहिल्या पाच मिनिटांत आम्ही दोघी घोट्यांपर्यंत तिच्यात. सूप, घमेलं, पोती, जे मिळेल ते घेतलं. गल्लीतल्या बायका आधी दारात उभ्या राहून बघत होत्या, मग टेलरमास्तरांची बायको चाळणी घेऊन आत आली आणि न बोलता बसली. मग बाकीच्या आल्या. स्टेशनवरचा एक हमाल हातगाडी घेऊन आला. दुपारपर्यंत दोन्ही कोठ्यांची पोती भावाच्या ओट्यावर रचली गेली. भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, उठला नाही. शेवटी रिकाम्या कोठ्या गेल्या, ढोलासारख्या वाजत. सगळं परतूर बाहेर आलं असेल.

"लोक काय म्हणतील आक्का? बहिणीनं भावाचं धान्य दारात आणून टाकलं."

"लोकांचे सगळे फोन माझ्या हातून गेलेत," बाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतेत ते मला बराबर माहिती हाय."

"उद्या आजारी पडलीस तर मलाच हाक मारशील."

"मारीन. यायचं का न्हाई ते तू ठरव."

त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. बाईंनी पाट मांडला होता, ताट केलं होतं. अंधार पडल्यावर त्यांनी ताटातला लाडू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "वाईट वाटून राह्यलं मला. पण कोठ्या परत आणाव्या एवढं न्हाई." पण हे पुढचं. त्या रविवारी कोठ्या गेल्या तेव्हा मागच्या भिंतीवर जुना हिरवा रंग जसाच्या तसा निघाला. बाईंनी मोबाइल धरला, खडू घेतला आणि त्या हिरव्या रंगावर चार लिहिलं.

सोमवारी दहाला मी कामाला बसले. दुपारपर्यंत एकही कॉल तुटला नाही. तीनच्या सुमाराला एका माणसाचा फोन आला. बायकोला ऑपरेशनला न्यायचं होतं, मंजुरी अडकली होती, त्याचा आवाज चिरकत होता. मी कागद शोधत होते आणि दर अर्ध्या मिनिटाला त्याला सांगत होते, घाबरू नका, फोन ठेवू नका, मी आहे. तेवढ्यात दाराबाहेर अण्णांचा आवाज आला.

"तुमच्या भावाचा फोन आल्ता. पोरीपायी बहीण-भावात बिघाड झाला म्हणे. मी न्यायला आलोय. बोलवा तिला."

"ड्यूटीवर हाय," बाई म्हणाल्या.

"बाप आलाय म्हणून सांगा."

"ड्यूटीवरच्या माणसाला उठवता येत न्हाई. सहाला सुटंल."

"बाहेर गाडी उभी केलीय मी."

"गाडीला सहाला बोलवा."

अण्णांची पावलं दाराकडे आली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज झाला आणि ती माझ्या दाराला टेकली. बाई दाराला पाठ लावून बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही कोण अडवणाऱ्या?"

"घरमालकीण. त्या दिवशी तुम्हाला कोणी सांगितलं न्हाई का?"

अण्णांनी हाक मारली आणि मी उठले नाही, असं तोपर्यंत कधी झालं नव्हतं. त्यांनी हाक मारली. एकदाच. माझे पाय खरंच उठायला निघाले होते. कानात तो माणूस म्हणाला, "मॅडम, हायेत ना तुम्ही?"

"आहे," मी म्हटलं. "बोला." आणि बसून राहिले.

मंजुरी पावणेपाचला मिळाली. त्यानंतर मी आणखी कॉल घेतले, कोणाचे ते आठवत नाही, पण एकही तुटला नाही. बाहेर मधेच भांड्यांचा आवाज झाला. सहाला मी हेडफोन काढला आणि दार ढकललं. बाईंनी खुर्ची वीतभर सरकवली. मधल्या खोलीत, जिथे काल कोठ्या होत्या तिथे, अण्णा जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. दोघांच्या मध्ये चहाचे कप होते. बाई दारातून उठायला तयार नव्हत्या, तेव्हा चहा अण्णांनी केला होता. घरी त्यांनी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलून घेतला नव्हता. आईला मी हे पुढे सांगितलं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

अण्णांनी मान वर केली. आता बॅग भर म्हणतील, म्हणून मी मनात वाक्य जुळवत होते. 'येत नाही' एवढंच वाक्य होतं, तरी जुळत नव्हतं.

"ते माणूस," अण्णा म्हणाले. "ज्याला तू घाबरू नका घाबरू नका म्हणून राह्यलीस. त्याच्या बायकोचं झालं का मंग?"

"झालं."

"उद्या नेणार का तिला?"

"हो. सकाळीच."

त्यांनी मान हलवली. टोपी झटकली, डोक्यावर घातली, कप उचलून मोरीत ठेवले आणि "येळेवर जेवत जा" म्हणून निघून गेले. गाडीचा आवाज गल्लीतून बाहेर गेला तरी मी तिथेच उभी होते.

"बाई, उठा आता. गेले ते."

"उठवत न्हाई," त्या म्हणाल्या. तीन तास त्या त्या लाकडी खुर्चीवरून हलल्या नव्हत्या, गुडघे आखडून गेले होते. मी दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं. त्या कळवळल्या, भिंतीला धरून दोन पावलं चालल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "उद्याची ड्यूटी किती वाजता?"

"दहाला."

"मंग साडेनऊला खुर्ची लाव. आणि तिच्यावर उशी टाक."